त्र्याऐंशीपर्यंत

फोन आला तेव्हा मी साताऱ्यात ऑफिसच्या जिन्यात होते. पप्पा फोनवर आधी 'जेवलीस का' विचारतात. त्या दिवशी विचारलं नाही. "अक्का गेली," एवढंच म्हणाले. तासाभरात आम्ही दोघं सांगलीला निघालो. कराडच्या पुढे एका ट्रकमागे अडकलो आणि माझे डोळे सवयीने त्याच्या नंबरावर गेले. ४१२९. विषम आहे, शेवटी पाच नाही, अंकांची बेरीज सोळा म्हणजे तीनानेही नाही. सात नाही, अकरा नाही. तेरापर्यंत पोचले आणि पेठ नाक्याला ट्रक सरळ गेला, आम्ही वळलो. आत्या गेली होती आणि मला त्या ट्रकचं पुढे काय झालं असतं याचीच रुखरुख लागली होती.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. आटपाडीच्या हायस्कूलात आयुष्यभर गणित शिकवलं, लग्न केलं नाही, रिटायर झाल्यावर सांगलीत एकटी राहिली. मी लोकांसमोर तोंड न उघडणारी मुलगी. पाहुणे आले की घरचे मला पुढे करून "इंग्लिशमध्ये काहीतरी बोलून दाखव" म्हणायचे आणि मी दाराआड जायची. आत्याने कधीच बोलायला लावलं नाही. सुट्टीत मी तिच्याकडे गेले की आम्ही एसटीने कुठेकुठे जायचो, ती मला खिडकी द्यायची, आणि पुढची गाडी दिसली की आमचा खेळ सुरू. नंबर फुटला, म्हणजे कुठल्या लहान आकड्याने पूर्ण भागला गेला, तर माझ्या गुडघ्यावर बोटाने एक टिचकी. नाही फुटला तर तळहात. बोलायची गरजच नव्हती. मी 'प्राइम' म्हणायची, ती 'मूळ संख्या', आणि तिच्या आटपाडीच्या मुलांचा शब्द वेगळाच होता. त्यांची नक्कल ती झकास करायची. "बाई, ह्यो लय चिवट हाय, फुटंना गेलाय."

पहिल्यांदा मी चुकले ते एक्क्याण्णवला. मी ऐटीत तळहात ठेवला. ती म्हणाली, "सातला विचारलंस का?" तेरा साते एक्क्याण्णव. मग मी प्रत्येक आकड्याने भागतच सुटायची, थांबायचं कुठे ते कळायचं नाही. तेव्हा तिने शेंगा सोलता सोलता सांगितलं, "फुटणाऱ्या आकड्याच्या आत जोडी असते. दोघं मोठे असू शकत नाहीत, गुणाकार आकड्याच्या बाहेर जाईल. एक जण तरी लहान असणारच. त्या लहानाला शोधायचं. ज्याचा वर्ग आकड्याच्या पुढे गेला, तिथं थांबायचं."

"आणि मधल्या सगळ्यांनी भागायचं?"

"कशाला? दोनाने गेला नाही तो चाराने कसा जाईल? फक्त मूळ संख्यांना विचारायचं. फुटतो म्हणायला एक साक्षीदार पुरे, पोरी. फुटत नाही म्हणायचं तर त्या हद्दीपर्यंत एकही सोडायचा नाही."

तिच्या स्कूटरचा नंबर ७३८७. गाडी घेतली तेव्हाच तिने जाहीर केलं होतं, "मूळ आहे. बघितलंय मी." एका लग्नात चुलत काकांनी टोमणा मारला, "तुम्हाला कुणी भागणारा मिळाला नाही, म्हणून गाडीपण तसलीच बघून घेतली काय?" आत्या पानातलं पुरण संपवत म्हणाली, "गाडीला विचारा. भागणाऱ्याशिवाय आमचं छान भागतंय." पंगतीत हसू पसरलं. तो नंबर कुणी तपासला नाही. मीसुद्धा नाही. आत्याने बघितलंय म्हणजे बघितलंय.

शेवटची भेट तिच्या स्वयंपाकघरात झाली. आमच्याकडे जैनांच्या रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, त्यामुळे खिडकीत ऊन असतानाच ताटं घेतली होती. गच्चीवरून वाळवण आणताना तिला धाप लागली होती आणि ती ते लपवत होती. पप्पा म्हणाले, "अक्का, डॉक्टर म्हणालेत ती अँजिओग्राफी करून टाकू."

"रक्त झालं, ईसीजी झाला, एक्स-रे झाला, एको झाला. सगळं नीट आलंय. बाळ्या, बघून झालंय."

पप्पांनी ताट पुढे ओढलं. साठीतल्या माणसालाही तिने बाळ्या म्हटलं की तो पुन्हा धाकटाच होतो.

ती हृदयविकाराच्या झटक्याने गेली, आणि स्कूटर आम्ही साताऱ्याला आणली. एका रविवारी मी ती पुसायला घेतली आणि पुसता पुसता तिचाच खेळ सुरू केला. जरा बरं वाटावं म्हणून. शहाऐंशीचा वर्ग ७३९६, म्हणजे त्याच्या आतच थांबायचं. एकेक करत एकोणऐंशीपर्यंत आले. कुणीच भागलं नाही. आत्या बरोबरच होती, असं मनात म्हणून फडकं पिळलं आणि उभी राहिले... मग परत बसले. त्र्याऐंशीला विचारायचं राहिलं होतं.

त्र्याऐंशी गुणिले एकोणनव्वद. ७३८७.

मी मोबाइलवर पुन्हा केलं. पुन्हा. तेच. आत्या शेवटच्या एकाला विचारायची राहिली होती. दमली असेल, किंवा तिला तो आकडा तसाच हवा असेल. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. कारण सकाळी फिरायला गेल्यावर पप्पाही हल्ली चढावर थांबतात, छातीवर हात ठेवून दरीकडे बघतात आणि 'गॅस आहे' म्हणतात. त्यांचंही रक्त झालं होतं, ईसीजी झाला होता. डॉक्टरांनी ट्रेडमिलवरची तपासणी सांगितली होती, ती राहिली होती. आणि पप्पांनी मला सांगितलं होतं, अगदी तिच्याच आवाजात, "बघून झालंय."

मला कुणाला काही पटवता येत नाही. सकाळी चहाच्या वेळी मी फक्त म्हणाले, "पप्पा, आत्याच्या गाडीचा नंबर फुटतो."

"काहीतरीच. अक्काने बघितला होता."

"शेवटचा एक राहिला होता. त्र्याऐंशी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वर्तमानपत्राच्या समासात पेनने गुणाकार मांडला, हातचे वर लिहून, शाळेतल्यासारखा. उत्तर आल्यावर खाली रेघ ओढली.

"अक्का चुकली," ते म्हणाले. आणि पेनला टोपण लावत, "ते ट्रेडमिलवाले किती वाजता उघडतात?"

तपासणीत काय निघालं ते घरापुरतं राहू दे. औषधं सुरू आहेत, वेळेत गेलो असं डॉक्टर म्हणाले, एवढं पुरे. मला आठवतं ते काचेपलीकडचं. पप्पांच्या छातीला वायरी लावलेल्या, खाली पट्टा फिरतोय, आणि तिथला मुलगा विचारतोय, "काका, दमला असाल तर थांबवू का?" पप्पांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात आत्याच्या स्कूटरची किल्ली होती.

"नको," ते म्हणाले. "जिथवर जायचंय तिथवर जाऊ दे."