पाडव्याला सासरे बदलत

पाडव्याला गावोगाव शेतांवरचे सालदार बदलतात. आमच्या घरी सासरे बदलत.

सासूबाई गेल्यावर तिघा भावांनी वाटणी केली. शेत नव्हतं, घर भाड्याचं होतं, तेव्हा वाटायला उरले होते ते वडील. दिवाळी ते पाडवा यवतमाळला आमच्याकडे, पाडवा ते पोळा पुसदला थोरल्याकडे, पोळा ते दिवाळी पांढरकवड्याला धाकट्याकडे. महाराष्ट्र नुकता झाला होता, तेव्हाची ही गोष्ट.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, निवृत्त मास्तर. वय सहासष्ट, पाठ ताठ, दात पक्के, फक्त दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या वडिलांनी पन्नाशी पाहिली नव्हती. कॉलरा, हिवताप, असं काहीतरी येऊन माणसाला वेळेवर घेऊन जायचं. आता फवारणीवाले भिंतींवर औषध मारून जात आणि सरकारी दवाखान्यात सुई मिळे. आमची शेजारीण म्हणायची, "आता म्हातारे मरूनच नाही राह्यले, बाई." तिच्या घरी दोन होते.

म्हातारे जगवायची सोय झाली, पण जगून त्यांनी दिवसभर करायचं काय, हे कोणी ठरवलं नव्हतं. मामाजींनी आपलं आपण ठरवलं. ते माझा स्वयंपाक तपासत. वरणाचा पहिला घास घेऊन "दहापैकी चार" म्हणत आणि सगळं संपवत. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत त्यांची खाट, मागे आम्ही, मधे एक पडदा. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून बायका विचारायच्या, "काहून नाही अजून?" पडद्यापलीकडे मास्तर जागे असतात, हे त्यांना कसं सांगणार?

एका हिवाळ्यात, दुपारची भांडी घासून आले तर मामाजी कागद-दौत घेऊन बसलेले.

"बाई, एक पत्र लिहून दे. मले दिसत नाही."

"कोणाला?"

"दारव्ह्याले. एक बाई आहे."

मग सावकाश सगळं सांगितलं. दर पाडव्याला ते पुसदच्या गाडीत बसत आणि दारव्ह्याला एक विधवा बाई पत्र्याची पेटी घेऊन चढे. वय साठीच्या आतबाहेर. तिचेही दोन मुलगे, एक दारव्ह्याला, एक पुसदला. तिचीही पाळी पाडव्यालाच बदले. तीन पाडवे दोघं एकाच बाकावर बसून गेले होते. पुसदच्या आठवडी बाजारात ती यांच्यासाठी वांग्यांचा भाव करून द्यायची.

"लिही. माझं वय सहासष्ट. डोळ्याचं ऑपरेशन करून घेईन. तुमची तयारी असली तर पाट लावू."

माझा टाक थांबला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्या जातीत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं; पण माझ्या नवऱ्यासारखे कचेरीत कारकून झालेले लोक त्याचं नाव काढत नसत.

"थांबली काहून?" मामाजी म्हणाले.

सुनेनं अशा वेळी काय करावं, हे मला माहीत होतं. पण खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर रिकामी पुढची खोली आली. मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात पत्र लिहिलं. एका ठिकाणी सुधारलंसुद्धा. त्यांनी सांगितलं होतं, "तुम्ही स्वभावाने बऱ्या दिसता." मी लिहिलं, "तुमच्या स्वभावाची फार आठवण येते."

"तिला वाचता येतं का?" मी विचारलं.

"नाही. तिची सून वाचून दाखवते."

आठ दिवसांनी उत्तर आलं, त्या सुनेच्या गोल गोल अक्षरात. सासूबाई विचारतात, तुम्ही घोरता का? सासूबाई म्हणतात, भाकरी करून देईन, पाय चेपून देणार नाही. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, "ताई, माझी पूर्ण संमती आहे. लवकर करा."

अशी चार पत्रं गेली, चार आली. एकमेकींना न पाहिलेल्या आम्ही दोन सुनांनी ते लग्न जमवलं. घोरत नाहीत, असं मी बिनदिक्कत लिहून दिलं होतं.

पाडवा जवळ आल्यावर मामाजींनी मुलांना सांगितलं. पुसदहून भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, कोट घालून आले. तिथल्या एका शाळेत ते हेडमास्तर होते. ते खुर्चीत बसले आणि रडायला लागले.

"बाबा, लोक काय म्हणतील?"

"तुही आजी पाटाचीच होती," मामाजी म्हणाले. "तिनं पाट लावला नसता तर मी नसतो. मग तू हेडमास्तर कसा झाला असता?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी. आता आपण शिकलो."

"मीच शिकवलं तुले. चुकलंच माझं."

माझे यजमान म्हणाले, "बाबा, आमच्याकडं तुमाले कमी काय आहे?"

मामाजी म्हणाले, "काही कमी नाही. जेवण वेळेवर भेटते. पण मी आलो की तुम्ही लोक कॅलेंडर पाहता."

मी चुलीपुढे होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाडव्याभोवती पेन्सिलीनं केलेलं वर्तुळ माझंच होतं. मोतीबिंदूतून त्यांना ते दिसलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. त्या दिवशी पोळ्या करपल्या.

पाट दारव्ह्याला लागला. अंधार पडल्यावर लावायची रीत. पण दिग्रसची गाडी चार वाजता होती, म्हणून दुपारीच उरकला. माणसं दहा-बारा. भासरे आले नाहीत, त्या बाईंचा पुसदचा मुलगाही नाही. एक ठेंगणी बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अक्षर तुमचंच न?" आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून गोठ्यामागे जाऊन हसलो.

दोघांनी दिग्रसला खोली घेतली, कारण तिथे दोघांपैकी कोणाचंच मूल नव्हतं. मी पुढच्या खोलीत दोन दुपारी नुसत्या झोपून काढल्या. वर्षाच्या आत मुलगी झाली.

तिला दाखवायला दिग्रसला गेले, तर मामाजी चुलीपुढे बसून वरण घोटत होते. ऑपरेशन झालं होतं, जाड चष्मा धुरानं भरला होता.

"हे काय, मामाजी?"

"मीठ कमी आहे म्हणलो एक डाव. तवापासून मीच करतो."

नव्या सासूबाई मुलीला मांडीवर घेत माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घोरत नाही म्हणून कोणी लिवलं होतं, बाई?" मी लेकीचं टोपडं सारखं करत राहिले.

सहा वर्षं ते तिथे राहिले. शेवटच्या दुखण्यात यजमान त्यांना यवतमाळला आणायला गेले. मामाजी आले नाहीत, म्हणून हेच आठ दिवस तिथे राहिले. मामाजी गेल्यावर सगळं आटोपून परत आले आणि ओट्यावर बसले. मग म्हणाले, "ती त्यांना अरे-तुरे करत होती. 'ऊठ रे, दूध पी रे.' बाबांना कोणी अरे म्हणू शकतं, हे मला माहीतच नव्हतं." त्यांना राग आला नव्हता. त्यांचे डोळे भरले होते.

तेरवीला दोन्हीकडचे पाचही मुलगे दिग्रसच्या त्या खोलीत दाटीवाटीनं बसले. भासरेही होते. आता सासूबाई कोणाकडे किती महिने, असा विषय कोणीतरी काढला. त्या चहा गाळत होत्या.

"मी मटकी भिजू घातली आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही चहा घ्या अन् आपापली गाडी पाहा."

आम्ही चहा घेतला आणि निघालो. त्या त्याच खोलीत आणखी अकरा वर्षं राहिल्या.