बाहेरून येणारे परीक्षक

आमच्या बी.एड. कॉलेजात इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला दरवर्षी तेच सर बाहेरून यायचे. परीक्षेच्या खोलीत त्यांचं इंग्रजी इस्त्री केल्यासारखं असे. बाहेर आले की लगेच, "चहा लई गोड झालाय की," असं अस्सल सोलापुरी सुरू व्हायचं. विद्यार्थी बोलत असताना ते डोळे मिटून ऐकायचे. कुणी अडखळलं तर शब्द पुरवायचे नाहीत, नुसती वाट बघायचे. कॉलेजचा परीक्षक म्हणून मी शेजारी बसायचो; मला ती शांतता सोसायची नाही.

यंदा होटगीहून रोज येणारी एक मुलगी होती. एका शाळेनं तिला जूनपासून शिकवायला बोलावलंही होतं. तिचं इंग्रजी लेखन वर्गात सगळ्यात चांगलं, पण सरांसमोर दुसऱ्याच वाक्याला तिची वाचा बसली. सरांनी बराच वेळ वाट पाहिली. ती पुढे बोललीच नाही.

ती गेल्यावर मी म्हणालो, "सर, पास करा की. लिहिते छान."

"उद्या हिच्यासमोर पोरं बसणार. त्यांनी बोलायला कुणाकडनं शिकायचं?" म्हणत त्यांनी गुणपत्रकावर सही केली.

निकाल आम्ही नंतर फलकावर लावतो. सर मात्र संध्याकाळी थेट बसथांब्यावर तिच्याकडे गेले. मीही मागोमाग गेलो.

"तू नापास झालीस," ते तिला म्हणाले. "मीच केलंय."

तिनं खाली बघत विचारलं, "घरी काय सांगू, सर?"

सर निघून गेले नाहीत. होटगीची बस येईपर्यंत ते तिच्याशेजारी उभे होते.