गढीत आधी राहायला कोण आलं

भावांच्या वाटणीत थोरल्याला ओलिताचं रान गेलं, मधल्याला मेहकरातलं दुकान, आणि मला जानेफळच्या पुढची, आमच्या गावची गढी आली. चार बुरूज, त्यातले अडीच उभे, उरलेल्या दीडावर बाभळी. मी मात्र तिला किल्लाच म्हणायचो. दिल्लीवाल्यांनी आमचीच गढी पाहून लाल किल्ला बांधला, फक्त त्यांना आमच्या गढीसारखी पांढरी माती मिळाली नाही, असं मी अजूनही सांगतो. दिल्लीहून अद्याप कोणी खोडायला आलेलं नाही.

बायकोला शेगावात फ्लॅट हवा होता. देऊळ जवळ, स्टेशन जवळ, नळाला पाणी. शेवटी तिनं अट घातली, "पाऊस लागायच्या आत एक खोली राह्यासारखी करून दाखवा. चार भिती, कडी लागन असं दार, अन् आत मानसाबिगर कोनी नको. नाई तं मी चालली शेगावले, तुमी बसा बुरुजावर."

शेवटच्या कलमातच माझं मरण होतं. तळघरात सायाळ होती, कोनाड्यात घुबडं, आणि एक धामण तर इतकी लांब, की तिचं तोंड चावडीशी पोचलं तरी शेपूट गढीतच आळस देत असायचं.

चुन्याच्या कामाला मेहकरचे एक चाचा मिळाले. थापांमध्ये माझ्याहून वीतभर पुढे. जुन्या चुन्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालत, हे खरंच आहे. पण चाचा म्हणाले, "सर, माह्या आज्यानं असा चुना मळला व्हता, का भितीले तोफेचा गोळा लागला तं चिपकूनच राह्यला."

आता मी मागे हटतो की काय! म्हटलं, "चाचा, मग आपण गूळ दुप्पट टाकू."

"दुप्पट? गढी का ऐऱ्यागैऱ्याची हाये? तिप्पट टाका!"

दोन बढाईखोरांनी मिळून भिंतीचा शिरा केला. आधी तालुक्यातल्या यच्चयावत मुंग्या आल्या. मग वानरं आली आणि गिलावा बोटांनी चाटू लागली. एका सकाळी पाहतो तर बाहेरची भिंत आरशासारखी चमकतेय, आणि खाली माणसासारखी पावलं, फक्त लांब नखांची. पार ज्ञानगंगेच्या जंगलातून अस्वल गुळाच्या वासानं आलं होतं आणि भिंत चाटून गेलं होतं.

चाचांनी भिंतीवरून हात फिरवला. "वा! अशी घोटाई तं माह्या आज्याच्यानं बी झाली नसती."

"अहो चाचा, अस्वल आहे ते!"

"असू द्या ना. चहा तं मांगत नाही!"

मग मात्र जंगल खात्याच्या माणसानं आम्हा दोघांना असं झापलं, की गूळ बंद झाला. आतली खोली आम्ही साध्या चुन्यानं केली. दार बसलं, कडी बसली, मी माझी वाकळही आणून टाकली. चुना वाळावा म्हणून झरोका तेवढा उघडा ठेवला.

आभाळ भरून आलं त्या दिवशी बायको पाहायला आली. मी ऐटीत कडी काढली. आतून "खर्रर्र" झालं. झरोक्यातून शिरलेली रानमांजर माझ्या वाकळीवर पसरली होती आणि तिच्या पोटाशी तीन पिल्लं लुचत होती.

संपलं, म्हटलं. चाचांनी बांबू उचलला.

"खबरदार!" बायको कडाडली. "बाळंतीन हाये ते. सव्वा महिना कोनी उठवाचं नाई तिले."

"आणि तुझी अट?" मी विचारलं.

"अट तुमच्याशी व्हती. तिच्याशी काऊन लावता?"

"पन भाभी," चाचा म्हणाले, "पानी येऊन राह्यलं."

"येऊ द्या. समोरच्या ओट्यावर टिनं टाका. या मानसाच्या भरोशावर लेकुरवाळी सोडून मी शेगावले जाऊ?"

पाऊस लागला. पांढऱ्याशुभ्र खोलीत, कडी लावून, मांजर. आणि बाहेर टिनाखाली, एकाच खाटेवर, किल्लेदार सपत्नीक. तेवढ्यात शेगावहून फ्लॅटवाल्याचा फोन आला. बायकोनं पदरानं तोंड पुसलं आणि शांतपणे सांगितलं,

"आत्ता नाई जमत भाऊ. घरात बाळंतीन हाये."