लेथची स्मृती

गोकुळ रोडवर माझ्या धाकट्या भावाचा छोटा कारखाना आहे. तिथला जुना सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारा, लेथ अडला की तो दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर येतात, कंट्रोलरच्या पेटीवर तळहात ठेवतात आणि डोळे मिटून आतल्या पंख्याची घरघर ऐकतात. तापलेल्या धुळीचा वास आला की नुसतं "हूं" म्हणतात.

या लेथची सारी स्मृती, म्हणजे त्याला चालवणारे शेकडो आकडे, एका छोट्या बॅटरीवर जगते. वीज बंद असताना ती काढली, की स्मृती पुसली जाते. म्हणून त्यांनी पेटीच्या दारावर आतून लाल अक्षरांत लिहिलं होतं : मशीन चालू ठेवूनच बॅटरी बदला.

खंडेनवमीला भावानं हौसेनं ती पेटी आतून-बाहेरून रंगवून घेतली. पुढच्याच आठवड्यात पडद्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना आली, तेव्हा त्यानं वीज बंद करून ती स्वतःच बदलली. लेथ मुका झाला, आणि हा गोकुळ रोडभर सांगत सुटला, "त्या म्हाताऱ्यानं मशीनची वाट लावली."

माझं अंग संतापानं पेटलं. "त्यांची अक्षरं तू रंगाखाली गाडलीस," मी म्हटलं.

"तू गप्प बस, अक्का."

तरीही ते आले. आपल्या जीर्ण वहीतले शेकडो आकडे त्यांनी दिवसभर, एकेक करून, लेथला परत दिले. लेथ फिरू लागला. क्षमेचा एक शब्दही न काढता भाऊ म्हणाला, "ती वही इथंच ठेवा की."

"नको, अण्णा," वही पिशवीत सारत ते म्हणाले. "तुम्ही तीही रंगवाल."