स्वयंपाकघरावरची खोली

धुळ्याच्या लॉजवर माझी आणि एका गृहस्थांची गाठ नेहमी पडते. दोघेही जळगावचे, दोघेही बियाणं विकणारे. चांगली खोली ते कधी मागत नाहीत. काउंटरवर भरताच्या वांग्यांची पिशवी ठेवतात, "कसं शे, भाऊ?" विचारतात आणि मॅनेजर मोठ्या खिडकीच्या खोलीची चावी पुढे करतो.

परवा मीही वांगी नेली. मॅनेजर हरखला आणि मला थेट स्वयंपाकघरावरची खोली दिली. "वांगी भाजतांना वास पहिले तुमलेच येई!"

मी तोंड पाडून वर गेलो. थोड्या वेळानं दार वाजलं. दारात तेच गृहस्थ, हातात त्यांच्या खोलीची चावी. वाटलं, माझी दया आली असावी.

"मनी खिडकी ल्या, तुमनी चावी द्या," ते घुश्शात म्हणाले. "इतला वरीस वांगा मी आनस, अन् बठ्ठा, सारा वास तुमले?"