झटका देणारं इंजिन

कापसाचे भाव पडले होते. दारव्ह्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा आमच्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेगाडीचा एक म्हातारा ड्रायव्हर तिच्या इंजिनाचं छोटं मॉडेल घेऊन आला. त्याच्या मुलानं त्यात नवं इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवलं होतं. मी चालवून पाहिलं. अगदी अलगद निघालं.

"बिघाड कुठी हाये?" मी चिडलो.

"हाच तं बिघाड हाये. आमची गाडी पयले झटका दे, मंग निघे. तेवढ्यात मागचा मानूस चढून घे."

"मुलाखतीच्या दिवशी मी मागं धावलतो, तरी तुमची गाडी सुटली. नोकरी हुकली माही."

"मंग तुमालेच जायचं नसंन, भाऊ."

मी रागानं सर्किटची सेटिंग बदलली. इंजिनानं झटका दिला. त्यानं ते बोटानं अडवून धरलं, मागून कुणी चढतंय का बघावं तसं वळून माझ्याकडे पाहिलं, थोडा थांबला आणि मग सोडलं.