तिळाच्या लाडवांनी मोजलेलं रॉकेट

हैदराबादेत, दिलसुखनगरच्या आमच्या गल्लीत केबल गेली की लोक माझ्याकडे यायचे. घरोघरी रंगीत टीव्ही नुकते आले होते, गच्च्यांवर केबलवाल्यांच्या थाळ्या उगवल्या होत्या, आणि संध्याकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून उपग्रह शोधणारा गल्लीतला एकमेव कारकून मी होतो. "साब, मॅच नै आरा, जरा देखो ना ऊपर," असं कोपऱ्यावरचा किराणावाला अगदी मनापासून म्हणायचा. वर माझं काही चालत नाही, यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. घरात मात्र सगळ्यांचा लगेच बसायचा.

छंद तसा साधा होता. नवा उपग्रह वर सोडला की त्याला नेणाऱ्या रॉकेटचं शेवटचं रिकामं नळकांडंही त्याच वाटेनं पृथ्वीभोवती फिरत राहतं. सूर्य मावळल्यावर आपल्याकडे अंधार पडतो, पण तिकडे उंचावर अजून ऊन असतं, त्यामुळे दोन्ही चालत्या चांदण्यांसारखी दिसतात. त्यातलं कोण कुठलं ते ओळखायचं. उपग्रह एकसारखा शांत जातो, नळकांडं कोलांट्या खात जातं म्हणून चमकतं नि विझतं. जगभरात माझ्यासारखे थोडे रिकामटेकडे होते, ते ई-मेलवरून एकमेकांना नोंदी कळवायचे, आणि त्यांतून कोण कुठलं याची एक यादी बनायची. माझा ई-मेल म्हणजे माझा मेहुणा. तो जामबागेत एका कॉलेजात शिकवायचा, तिथल्या संगणकावरून माझं पत्र पाठवायचा आणि आलेलं उत्तर छापून, वर टोमणा लावून घरी आणून द्यायचा.

त्या जानेवारीत मी मोठ्या तोऱ्यात कळवून बसलो होतो की, नव्या जोडीची नावं यादीत उलटी पडली आहेत. यादीप्रमाणे आभाळात पुढे उपग्रह आणि मागे रॉकेट जात होतं. मी म्हटलं, पुढे पळतंय तेच रॉकेट. आता अडचण अशी, की मागच्या वर्षी मी बेगमपेटला उतरणारं विमान नवा उपग्रह म्हणून कळवलं होतं. ते कुणी विसरलं नव्हतं. यादी सांभाळणाऱ्या परदेशी गृहस्थांनी सभ्यपणे लिहिलं: एकदा परत बघा, चमक किती वेळानं येते ते मोजा, ठरलेल्या ताऱ्याजवळून जातानाची वेळ घ्या. तसा योग एकाच संध्याकाळी होता. त्यानंतर ती जोडी कित्येक आठवडे आमच्या आभाळात सावलीतूनच जाणार होती. या वेळी चुकलो तर माझं पत्र पुन्हा कुणी उघडलं नसतं.

"भाऊजी, या खेपेला विमान नक्को बरं का," कागद देत मेहुणा म्हणाला.

आणि ती संध्याकाळ होती संक्रांतीची. बायकोनं गच्चीवर हळदीकुंकू ठेवलं होतं, सगळ्या ओळखीच्या बायकांना बोलावणं गेलं होतं.

"दहा मिनिटं दिवे घालवशील?" मी विचारलं.

"अंधारात कुंकू लावू? कुणाच्या डोळ्यात बोट गेलं म्हणजे?"

"अगं, माझी इज्जत..."

"ती मागच्या वर्षी बेगमपेटला उतरली," ती म्हणाली. पण दिवे घालवायला कबूल झाली. अट एकच, बायकांच्या घोळक्यात मी दिसता कामा नये. शिवाय समोरच्या गच्चीवर पोरी पतंग उडवत होत्या, तिकडे दुर्बीण रोखून उभा राहिलो असतो तर गल्लीनं वेगळीच नोंद केली असती. म्हणून माझी रवानगी पाण्याच्या टाकीमागे झाली. कॉलेजातून आणलेलं स्टॉपवॉच मी रेडिओच्या वेळेच्या ठोक्यावर सुरू करून बायकोच्या हातात दिलं. ते न थांबता दर दाबण्याची वेळ टिपायचं; पहिली चमक दिसली की एकदा दाबायचं, रोहिणीजवळून गेलं की परत दाबायचं. रोहिणी कुठली ते माझ्या आईला पाठ होतं. चमका मोजायचं कामही आईनंच घेतलं. "आकडे मला चुकतात," ती म्हणाली, "रोहिणी येईस्तोवर दर चमकेला मी एक लाडू ताटात टाकते. मग मोज निवांत." वाणाशेजारी तिळाच्या लाडवांचा डबा होताच.

दिवे गेले. बायका "अय्यो" म्हणाल्या. माझ्या छातीत असं धडधडत होतं की दुर्बिणीतलं सगळं आभाळ हलत होतं. आणि दिसला! वायव्येला, खाली, पिवळसर ठिपका, हळूहळू वर चढणारा. चमक नाही, विझणं नाही. म्हणजे पुढचा शांत? म्हणजे मीच चूक? तरी डोळा काढला नाही. ठिपका चढला, थांबला, डुलला, आणि पलीकडून आरोळी उठली, "कट गई रे!" माझा उपग्रह गिरक्या खात मलकपेटच्या दिशेला निघून गेला. पतंगाच्या दोऱ्याला बांधलेला कंदील होता तो. जन्म हैदराबादेत गेला, आणि संक्रांतीचा कंदील मला ओळखू आला नाही!

तेवढ्यात टाकीच्या पुढून शेजारच्या तेलुगू काकू ओरडल्या, "अदिगो! अदिगो!" ते बघा, ते बघा! मी टाकीमागून उडी मारून बाहेर आलो. डोक्यावर, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका लख्ख, एक तारा चमकत होता, विझत होता, परत चमकत होता! दर चमकेला सगळ्या बायका मिळून "आला!" म्हणत होत्या, आणि ताटात टप्पकन लाडू पडत होता. आला! टप्प. आला! टप्प. "रोहिणी!" आई ओरडली, बायकोनं बटण दाबलं. आणि थोड्या वेळानं त्याच वाटेनं, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखा, दुसरा ठिपका गेला. शांत, एकसारखा. पुढे रॉकेट, मागे उपग्रह! मी त्या घोळक्यात मधोमध नाचत होतो आणि कुणी हरकत घेतली नाही.

दिवे लागले. मी ताटाकडे धावलो. ताटाशी, अंधारातच कधीतरी वर आलेला मेहुणा उभा होता, तोंड हलत होतं.

"किती खाल्लेस?"

"दोन." घास गिळून, "हौ, दोनच. एक काकूंनी दिला म्हणून."

"या ताटातला?"

"अंधारात मला काय दिसतंय भाऊजी?"

"तिळगूळ आहे, मागितला तर देणारच की," काकू म्हणाल्या. उरलेले लाडू मी मोजले, त्यात दोन मिळवले, आणि नोंदीत प्रामाणिकपणे लिहिलं की चमकांच्या मोजणीत एक-दोनची चूक संभवते. निरीक्षक म्हणून बायकोचं आणि आईचं नाव आधी घातलं, माझं शेवटी. कंदिलाबद्दल लिहिलं नाही.

चार-पाच दिवसांनी मेहुणा जिना दोन-दोन पायऱ्या चढत आला. या खेपेला टोमणा नव्हता. "भाऊजी, बदलली! यादी बदलली त्यांनी!" कागदावर खरंच दोन्ही नावांची अदलाबदल झालेली होती. वेळ अचूक, असं बायकोला उद्देशून लिहिलं होतं. तिनं ती ओळ दोनदा वाचायला लावली. खाली एक शंका होती: मोजणीत एक-दोनची चूक नेमकी कशामुळे?

"काय कळवू?" मेहुण्यानं विचारलं.

"खरं ते कळव," बायको म्हणाली. "आणि लिही, पुढच्या संक्रांतीला आम्ही दोन ताटं ठेवू. एक मोजायचं, एक तुझं."